प्रल्हाद मेश्रामची पलटण

मुलगा आपल्याला लढाईबद्दल काही विचारेल, ही आशा राजाराम बोरकरांनी कधीच सोडून दिली होती. नागपुरात होता तेव्हा प्रफुल्लला त्या गोष्टींचा भारी कंटाळा. म्हाताऱ्याने नुसतं "त्या वक्ताला आम्ही..." म्हटलं, की "झालं, बाबांचा बर्मा सुरू!" असं म्हणत तो चपला पायात सरकवून बाहेर पडायचा. आणि आता बघा! मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, ऑफिसातून आल्या आल्या, गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा न काढता, मांडीवर लॅपटॉप उघडून हाच पठ्ठ्या म्हणत होता, "बाबा, सुरुवातीपासून सांगा. काही सोडू नका."

म्हातारा हरखला. हरखणारच की! ऐंशी ओलांडलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं? जेवणखाण सून उल्का बघत होती, औषधं वेळेवर मिळत होती, घर ऐसपैस होतं. पण ऐकणारा कान मिळत नव्हता, आणि आता पोटचा पोरगाच कान देऊन बसला होता.

निमित्त होतं मराठी मंडळाचं. साल दोन हजार पाच. दुसरं महायुद्ध संपून साठ वर्षं होत होती आणि मंडळाच्या स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात अध्यक्ष गुरुनाथने ठरवलं होतं की यंदा नुसती गाणी-नाच नकोत, युद्धावर काहीतरी करू. कुणीतरी म्हणालं, प्रफुल्लचे वडील इंडियाहून आलेत, ते लढले होते म्हणे. झालं, ठरलं.

प्रफुल्लची मुलगी उपासना आठवीत जाणार होती. तिने मे महिन्यात शाळेसाठी महायुद्धाच्या कलाटण्यांवर एक मोठा तक्ता केला होता. मिडवे, स्टालिनग्राड, नॉर्मंडी, सगळं नकाशांसकट. राजारामांनी चष्मा लावून तो तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "यात बर्मा कुठंय बाई?"

"इट वॉज नॉट इन द टेक्स्टबुक, आजोबा."

"टेक्स्टबुकात नसलं म्हणून काय झालं? मी होतो ना तिथं!"

पोरगी हसली, पण गुणाची. बसून ऐकलं तिने. जपान्यांनी बर्मा कसा गिळला, चव्वेचाळीस साली ते इंफाळ-कोहिमापर्यंत कसे येऊन भिडले, तिथे त्यांची कंबर कशी मोडली आणि मग वारं कसं फिरलं. पुढच्या वर्षी इरावती नदी ओलांडून आपली फौज मेक्तिला गावात घुसली आणि जपान्यांची रसदच तुटली. उपासनाने तक्त्याच्या कोपऱ्यात एक नवा नकाशा चिकटवला. शाळेत तिच्या बाई म्हणे खूश झाल्या. मंडळातही तीच हा भाग वाचणार होती, आणि शेवटी प्रफुल्ल बाबांची ओळख करून देणार होता.

"आणि तुम्ही नेमके कुठे होता, बाबा?" प्रफुल्लने विचारलं.

"आम्ही रस्त्यावर," राजाराम म्हणाले. "खोटं कशाला बोलू? मेक्तिलात आम्ही घुसलो नाही. घुसणारे वेगळे. आमच्याकडे मागचा रस्ता होता, एक पूल होता. पण तो पूल गेला असता तर पुढच्यांनी काय माती खाल्ली असती? मोठी लढाई आम्ही लढलो नाही, मोठ्या लढाईची पाठ राखली."

मग त्यांनी प्रल्हादचं सांगितलं. प्रल्हाद मेश्राम, शेजारच्याच गावचा. दोघे एकाच दिवशी कामठीला भरती झालेले. गावात विहिरीपासून दहा हात लांब उभं राहून पाणी मागणारा हा माणूस पुलावर पाण्याची कॅनव्हासची पिशवी, छागल, टांगून बसायचा. लॉऱ्या थांबायच्या. पंजाबी, गुरखे, मद्रासी, गोरे, सगळे उतरून त्याच्या छागलीतलं पाणी प्यायचे. प्रल्हाद नुसता बघत राहायचा आणि मग कोपराने ढोसून म्हणायचा, "राजाराम, पाहून राहिला ना? समदे पितात!" त्याला त्या पाण्याचं एवढं वेड, की आपली पाळी नसली तरी भर उन्हात उभा राहायचा. एका पहाटे तुटून मागे राहिलेली जपान्यांची एक टोळी ओढ्यातून वर आली. ब्रेनगनवर प्रल्हाद होता. पूल वाचला. प्रल्हाद वाचला नाही. हे सांगताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

"बाकी तू काय लिहायचं ते लिही," ते प्रफुल्लला म्हणाले. "मला दोनच नावं पाहिजेत. प्रल्हादचं आणि पलटणीचं. माणसांच्या भरल्या सभेत कुणी ती मोठ्याने घेतली नाहीत रे अजून. मी मेलो की घेणाराही कुणी उरत नाही."

"अहो बाबा, त्याचीच तर स्टोरी आहे सगळी," प्रफुल्ल टाइप करता करता म्हणाला.

पलटणीच्या नावाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. कुणाला वाटू दे. महार रेजिमेंट हे नाव कुणी आयतं हातात ठेवलेलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात महारांची पलटण उभी केली आणि काम होताच मोडून टाकली. भरतीच बंद. बापांनी अर्ज केले, बाबासाहेब सरकारशी भांडले, तेव्हा कुठे एक्केचाळीस साली रेजिमेंट उभी राहिली. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ. अठरा वर्षांच्या राजारामने ती टोपी पहिल्यांदा घातली तेव्हा आरशासमोरून तो हलेना म्हणून हवालदाराने त्याला शिवी हासडली होती.

मुलाच्या घरात काही गोष्टी राजारामांना खटकत होत्या, नाही असं नाही. दिवाणखान्यात बुद्धाची मोठी मूर्ती होती, बाजूला बांबूचं रोपटं. येणारे-जाणारे म्हणायचे, "वा, काय पीसफुल वाटतं!" अमेरिकेत बुद्ध कुणाच्याही घरात असतो, कुणी काही विचारत नाही. बाबासाहेबांची तसबीर मात्र वरच्या मजल्यावर कपड्यांच्या खोलीत, कोटांच्या मागे. आणि बोरकर हे आडनाव असं, की गोव्याकडचे असतील म्हणून लोक सोडून देत, आणि प्रफुल्लही सोडू देत असे. राजारामांनी हे सारं पाहिलं आणि गप्प राहिले. पोराचं घर आहे, त्याला इथे राहायचंय, आपण पाहुणे, असं त्यांनी मनाला समजावलं. आणि आता तर तो स्वतःहून सगळं विचारत होता, तेव्हा मनातला तो सलही गेला.

कार्यक्रम रविवारी होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. नऊवारी, कुर्ते, अत्तर, पोरांची धावपळ, मागच्या टेबलांवर मसालेभाताची पातेली. उल्काने राजारामांना बंद गळ्याचा कोट घालून पहिल्या रांगेत बसवलं. गुरुनाथच्या बायकोने, मीनाक्षीने, वाकून नमस्कार केला. "काका, तुमच्यासाठीच सगळे आलेत हं!" म्हाताऱ्याची छाती फुगली. का फुगू नये?

दिवे मंद झाले आणि पडद्यावर नकाशे उमटले. उपासना इंग्रजीतून बोलत होती, पण काय झोकात! मिडवेला जपानी जहाजं बुडाली, स्टालिनग्राडला जर्मन गोठले, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोरं उतरली. मग इंफाळ, कोहिमा, इरावती, मेक्तिला. ही नावं तिने न अडखळता घेतली. राजारामांनी शेजारच्या अनोळखी माणसाला हाताने खूण केली, नात आहे माझी.

मग प्रफुल्लने माइक हातात घेतला.

"मित्रहो, या लढाईत एक तरुण होता, जो आज आपल्यात बसलाय. माझे बाबा. हवालदार राजाराम बोरकर, मराठा लाइट इन्फंट्री!"

पडद्यावर एक बिल्ला झळकला. कोरेगावचा स्तंभ नव्हे, दुसराच.

हॉल उसळलाच. गुरुनाथ खुर्चीतून उठून ओरडला, "बोला, छत्रपती शिवाजी महाराज की..." आणि सगळ्यांनी "जय!" म्हणून छप्पर डोक्यावर घेतलं. राजारामांच्या तोंडूनही जय निघाला. महाराज काही त्यांना परके नव्हते. त्यांना वाटलं, काहीतरी घोटाळा झाला. इंटरनेटवरून फोटो घेताना चुकला असेल, आणि आता स्टेजवर घाबरून नावही तेच वाचलं गेलं. होतं असं. आता सुधारेल, म्हणून त्यांनी मान उंच करून प्रफुल्लकडे पाहिलं. प्रफुल्ल इकडे सोडून सगळीकडे बघत होता.

"त्यांचा जिवलग मित्र," प्रफुल्ल पुढे वाचत होता, "पूल राखताना शहीद झाला. त्याचं नाव, प्रल्हाद शिर्के."

शिर्के!

अरे, हा कोण शिर्के? बिल्ला चुकतो, ठीक आहे, समजू शकतं. पण मेश्रामचा शिर्के चुकून होत नाही. त्यासाठी कुणाला तरी बसून विचार करावा लागतो, कुठलं आडनाव शोभेल म्हणून. पाण्याच्या छागलीचं तर नावसुद्धा नव्हतं. ते पुसून टाकलेलं होतं, कारण पाणी प्यायल्याचं एवढं अप्रूप शिर्क्याला कशाला असेल? मेलेल्या माणसाची जात बदलली होती त्यांच्या मुलाने, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

गुरुनाथने त्यांना हाताला धरून स्टेजवर नेलं. शाल आली, नारळ आला. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ भरभर चालत वर आले. मनोहर त्यांचं नाव, साताऱ्याकडचे, लेकीकडे आलेले. त्यांनी सरळ राजारामांचे दोन्ही हात धरले.

"हवालदारसाहेब, कुठली बटालियन हो तुमची? माझे वडील केरेनला पडले. तिकडे आफ्रिकेत, डोंगरावर. मी चार वर्षांचा होतो. त्यांच्या पलटणीतला माणूस मला उभ्या आयुष्यात भेटला नाही. आज तुम्ही भेटलात!"

राजारामांनी त्या माणसाकडे पाहिलं. म्हातारा, पण चेहरा अगदी बापाची वाट बघणाऱ्या पोराचा. प्रफुल्ल घाईघाईने जवळ आला आणि कानाशी लागला. "बाबा, प्लीज. काहीही नंबर सांगा. उपासनासाठी तरी."

काहीही नंबर सांगा! पोराने चोरलं ते चोरलं, आता बापाने त्याचं ओझं वाहायचं, आणि तेही केरेनला पडलेल्या माणसाच्या मुलासमोर? मुलावरचं प्रेम एका बाजूला, पण राजारामांना त्या क्षणी त्याचा फार संताप आला. त्यांनी माइक घेतला.

"मनोहरराव, मला माफ करा," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांची पलटण थोर. केरेनला लढली, इटलीत लढली, त्यांचं नाव त्यांचंच राहू द्या. मी तिच्यात नव्हतो. मी महार रेजिमेंट, दुसरी पलटण, कामठी. हा बिल्ला माझा नाही. आणि माझा दोस्त शिर्के नव्हता. त्याचं नाव प्रल्हाद मेश्राम. पुन्हा सांगतो. प्रल्हाद मेश्राम."

मागे कुणाचं तरी लहान मूल "मम्मी, भूक" म्हणालं तेवढंच. मनोहररावांनी हात सोडले नाहीत. ताठ होऊन ते म्हणाले, "जय हिंद, हवालदारसाहेब," आणि डोळे पुसत खाली उतरले. मग टाळ्या आल्या. आल्या म्हणजे काय, वाजवाव्यात म्हणून वाजवल्या. गुरुनाथ माइक ओढून घेत म्हणाला, "वा वा! शेवटी काय, आपण सगळे इंडियनच! चला, जेवणं तयार आहेत!"

कुणी काही वावगं बोललं नाही हो. तीच तर गंमत. कुणी बोललं असतं तर राजारामांना उत्तर देता आलं असतं. मीनाक्षीने उल्काच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हटलं, "अय्या, पण तुमच्याकडे बघून कधी वाटलंच नाही हं!" आणि मग, "गणपतीच्या प्रसादाचं तुझ्याकडे दिलंय ना, त्याचं नंतर बोलू. घाई नाही काही." उल्काने मान हलवली आणि भाताचं रिकामं पातेलं उगाच पुसत राहिली. रोज प्रफुल्लसोबत कारपूल करणारा केदार, ज्याच्याशी यार-यार केल्याशिवाय प्रफुल्लचं पान हलत नसे, तो लांबूनच अंगठा दाखवून निघून गेला.

बाहेर पार्किंगमध्ये ऊन होतं. गाडीपाशी आल्यावर प्रफुल्ल एकदम फुटला.

"का केलंत असं, बाबा? इतकी वर्षं मी इथे कसं निभावलंय, तुम्हाला काय माहीत! एका मिनिटात घालवलंत सगळं. घात केलात माझा."

"मी?" राजाराम म्हणाले. "मी केला घात? मेलेल्या माणसाचं आडनाव बदललंस तू! काय वाकडं केलं होतं त्याने तुझं?"

"मेश्राम म्हटलं की नागपूरच्या माणसाला लगेच कळतं. हॉलमध्ये आपल्याकडचे लोक होते बाबा, तुम्हाला समजत कसं नाही?"

"मग मला विचारलंस कशाला? माझ्यापाशी बसून, काही सोडू नका म्हणालास! मी डोळ्यांतून पाणी काढून सांगितलं रे तुला. ते सगळं कशासाठी होतं?"

"नेमकं काय काय काढावं लागेल, ते कळायला नको?"

बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच कळलं. उल्काने "अहो!" म्हणून तोंडावर हात घेतला. राजारामांनी गाडीचा आधार घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मुलाने ऐकलं होतं, अगदी मन लावून ऐकलं होतं, आणि ते यासाठी. गावच्या पाटलाने कधी अपमान केला तर तो तोंडावर केला होता. असा पाठीत वार त्याला जमला नसता, त्याला घरातलाच माणूस लागतो.

"तू लहान होतास आणि ऐकायचा नाहीस," ते हळूहळू म्हणाले, "ते बरं होतं रे पोरा. ते फार बरं होतं."

प्रफुल्लने दार उघडलं आणि आत बसून स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

उपासना बाजूला उभी होती. या भांडणातलं तिला अर्धंच कळलं असावं. ती जवळ आली, राजारामांची शाल घसरत होती ती तिने नीट केली आणि विचारलं, "आजोबा, व्हॉट इज महार? आर वी दॅट?"

राजारामांनी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे हिला ठाऊकच नव्हतं! स्टालिनग्राडला किती थंडी होती ते ठाऊक, मिडवेला किती जहाजं बुडाली ते ठाऊक, आणि हे नाही. आधी त्यांना भडभडून आलं. पण मग वाटलं, असू दे. मुलगा गेला हातचा, ही आहे ना? हिने विचारलं तरी. हिला तरी खरं नाव द्यावं. त्यांनी तिचा हात धरला, कण्हतकुथत ताठ उभे राहिले आणि परेडवर बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "हो बाई! आपण महार. आपण बौद्ध. तुझ्या आजोबाची पलटण..."

पलीकडच्या गाडीपाशी उपासनाची मैत्रीण स्वानंदी आईबरोबर उभी होती. दोघींनी वळून पाहिलं. उपासनाने त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि आजोबांच्या हातातला हात अलगद सोडवून घेतला.

"नॉट सो लाउड, आजोबा," ती म्हणाली. "प्लीज."

महार म्हणजे काय ते त्या पोरीला अजून कुणी सांगितलंही नव्हतं. पण ते हळू आवाजात बोलायचं असतं, एवढं तिला कळलं होतं.